दात काढला तेव्हा काय झालं होतं?

आईच्या माहेरच्या बायकांना पाळीत जास्त जातं, ही गोष्ट आमच्या घरी कुणी लपवली नव्हती आणि आजार म्हणून कुणी सांगितलीही नव्हती. "आपल्यात असंच असतं," एवढं बोलून आई विषय संपवायची. तिची आई, म्हणजे माझी आजी, धाकट्या मावशीच्या जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यात गेली. बाळंतरोगानं गेली, असं सांगत. मोठ्या मावशीची पिशवी पस्तिशीच्या आत काढलेली. आई दर महिन्याला पांढरीफटक पडायची, तरी चुलीपुढून उठायची नाही. अशा घरात वाढलेल्या मुलीला आपलं काही वेगळं आहे हे कळणार कसं? तुलना करायची तरी ती घरातल्याच बायकांशी.

मला पाळी आली १९८१ साली, सातवीत असताना, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी. मऊ पडलेल्या जुन्या नऊवारीच्या आईनं घड्या करून दिल्या आणि रात्री अंथरुणावर मेणकापड घातलं. आठ-नऊ दिवस जायचं, त्यात पहिले तीन-चार दिवस गाठी पडायच्या. उन्हाळ्यात घोळणाही फुटायचा. आई डोक्यावर पाणी मारायची आणि कांदा फोडून हुंगायला द्यायची. घोळणा आणि पाळी यांचं एकमेकांशी काही नातं असेल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं.

पुढे डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. वर्गात खुर्ची होती, पण त्या दिवसांत मी खुर्चीवर बसत नसे. डाग पडला तर उठताना पोरांना दिसेल, ही धास्ती. साड्या गडदच घ्यायच्या, पिशवीत एक जादा परकर ठेवायचा, मधल्या सुट्टीत शाळेशेजारच्या घरी जायचं. एकदा निवडणुकीच्या ड्युटीवर डोंगरातल्या केंद्रावर मुक्काम पडला आणि नेमकी पाळी आली. केंद्रावरचे बाकीचे सगळे पुरुष. ती रात्र मी भिंतीला टेकून जागून काढली. ही कहाणी माझ्या एकटीची नाही. खेड्यातल्या कितीतरी शिक्षिका, आशाताई, एसटीच्या कंडक्टर भगिनी हेच सोसतात. फरक एवढाच, की माझ्या रक्तातच उणीव होती आणि ती मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हती.

मुलाचा जन्म १९९४ चा. बाळंतपण दवाखान्यात व्यवस्थित झालं, रक्तस्रावही फार नाही. सगळे निश्चिंत झाले. घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मात्र असं काही जाऊ लागलं की जीपमधून पुन्हा दवाखाना गाठावा लागला आणि रक्त चढवावं लागलं. "काही तरी आत राहिलं असेल," असं म्हणून पिशवी साफ केली. त्यावर मीही समाधान मानलं. दुसऱ्या आठवड्यातच का, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही.

२००९ साल उजाडलं तेव्हा माझं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. फळ्यावर लिहिताना हात गळून जायचा, शाळेचा जिना चढताना छातीत धडधडायचं. लोहाच्या गोळ्या किती वर्षं घेतल्या असतील! चालू असेपर्यंत रक्त वाढायचं, बंद केल्या की पुन्हा खाली. सोनोग्राफीत गाठ नाही, काही नाही. क्युरेटिंग झालं होतं, त्यातही काही निघालं नाही. एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं, "मूल झालंय, आता पिशवीचं काम काय? काढून टाका, कटकट मिटेल." मला ते पटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीतली तारीखही ठरली. शाळेतल्या एका मैत्रिणीनं हट्ट धरला, की तालुक्याला नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, त्यांना एकदा दाखव, मग काय ते कर.

माझ्या आयुष्यातलं मोठं ऋण आहे ते या डॉक्टरीणबाईंचं. त्यांना आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच लहान. माझी जाडजूड फाईल त्यांनी चाळली, बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा नव्हताच.

"बाई, दात कधी काढला होता का?"

"हो, अक्कलदाढ काढली होती."

"तेव्हा काय झालं होतं?"

मी आठवू लागले. दाढ काढून घरी आले, रात्री उशी लाल झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन टाके घालून घेतले. दंतवैद्य म्हणाले होते, तुम्ही चूळ जोरात भरली असेल. हे सगळं मी विसरूनच गेले होते. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या, लिहून घेत होत्या. पाळी सात दिवसांच्या वर जाते का? मध्येच एकदम लोंढा आल्यासारखं होतं का, त्यामुळे कामं अडतात का? रक्त कमी म्हणून कधी औषध घेतलं का? घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का? दात काढताना, बाळंतपणात, गर्भपातात किंवा ऑपरेशनच्या वेळी जास्त रक्त गेलं का? नंतर त्यांनीच सांगितलं, की चार भागांतली ही प्रश्नावली अमेरिकेतल्या डॉ. क्लेअर फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केली. जास्त पाळी जाणाऱ्या बाईच्या बाबतीत या चारांपैकी एकाचं जरी उत्तर 'हो' आलं, तरी रक्त गोठण्याच्या तपासण्या पुढे करायच्या. माझ्या घरात आजाराचं निदान कुणाचंच झालेलं नव्हतं, म्हणून तिथे 'नाही' आलं. बाकी तिन्ही ठिकाणी 'हो'.

मग त्यांनी औषध कंपनीच्या पॅडवर आमचा वंशवृक्ष काढायला घेतला. बायकांसाठी वर्तुळ, पुरुषांसाठी चौकोन. आजी, आई, मावश्या, भाऊ, मी. ज्याला रक्ताचा काही त्रास, त्याची आकृती पेनानं भरायची. "भावाचं काय?" असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, त्याला कसली पाळी? तर त्या म्हणाल्या, "टॉन्सिल काढलेत का त्याचे?" काढले होते. लहानपणी सातारला काढले, तेव्हा रक्त थांबेना म्हणून त्याला रात्रभर ठेवून घेतलं होतं. चौकोन भरला गेला. तो कागद समोर होता, त्यातल्या भरलेल्या आकृत्या मी बघत होते, आणि 'आपल्यात असंच असतं' या आईच्या वाक्याला पहिल्यांदाच कारण असू शकतं असं वाटलं.

"पण माझी बीटी-सीटी नॉर्मल आहे," मी म्हणाले. रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी ही तपासणी ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत झाली होती.

"बाई, बीटी-सीटी नॉर्मल असून हा आजार असू शकतो. प्लेटलेट भरपूर असूनही असू शकतो. याच्या तपासण्या वेगळ्या असतात. पिशवीत मला काही दोष दिसत नाही. दोष रक्तात असेल, तर तो तुमच्याबरोबर ऑपरेशनच्या टेबलावरही येणार. काढायचीच ठरली तरी आधी हे कळलं पाहिजे."

ऑपरेशन पुढे ढकललं. त्यांनी चिठ्ठी दिली ती मुंबईची, परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेची. तिथल्या तंत्रज्ञ ताईंचंही माझ्यावर ऋण आहे. दादर स्टेशनवरून गर्दीतून धापा टाकत मी पोचले आणि लगेच हात पुढे केला. त्यांनी सुई बाजूला ठेवली. "आधी जरा शांत बसा. धावपळ केली, घाबरलात, की हा घटक रक्तात तेवढ्यापुरता वाढतो आणि खरा आकडा कळत नाही." मी बसले. मग निळ्या टोपणाच्या नळीत त्यांनी रक्त घेतलं, अगदी खुणेच्या रेघेपर्यंत. कमी भरलं तर आतल्या औषधाचं प्रमाण चुकतं, म्हणाल्या. हाच घटक तापात वाढतो, गरोदरपणात वाढतो, संप्रेरकांच्या गोळ्यांनी वाढतो, आणि ओ रक्तगटात मुळातच थोडा कमी असतो. माझा गट ओ. म्हणून एका तपासणीवर निकाल न देता त्यांनी काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. त्या वेळी दुसऱ्यांदा मुंबईला जाणं मला जिवावर आलं होतं. आज वाटतं, त्यांच्या त्या काळजीमुळेच माझं निदान पक्कं झालं.

निदान निघालं व्हॉन विलेब्रँड आजाराचं, पहिल्या प्रकारचं. या नावाचं एक प्रथिन रक्तात असतं. जखम झाली की प्लेटलेटना तिथे चिकटवायचं काम ते करतं, शिवाय रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाला सांभाळून नेतं. साधारणपणे त्याची पातळी पन्नासच्या वर असावी लागते, माझी तिशीच्या आत होती. डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं, "तुमच्याकडे विटा आहेत बाई, पण मधला माल कमी पडतो, म्हणून भिंत उभी राहायला वेळ लागतो." आणि मग १९९४ च्या बाळंतपणाचं कोडंही त्यांनीच उलगडलं. गरोदरपणात ही पातळी आपोआप वाढते, म्हणून प्रसूती सुरळीत होते. बाळंतपणानंतर ती खाली येते, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक रक्तस्राव होतो.

उपचार ऐकून तर मी चकितच झाले. पाळीच्या दिवसांपुरत्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, काही महिने लोह, आणि गर्भाशयात बसवायची संप्रेरक सोडणारी तांबी. डोकं दुखलं की किराणा दुकानातून आणायची सवय होती त्या ॲस्पिरिनच्या गोळ्या कायमच्या बंद, कारण त्यांनी प्लेटलेटचं काम आणखी मंदावतं. पाळीत पोट दुखतं म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. वर्षाच्या आत माझं हिमोग्लोबिन बाराला टेकलं. पिशवी आजही माझ्याजवळ आहे. त्यानंतरच्या जूनमध्ये मी वर्गात खुर्चीवर बसून हजेरी घेतली.

त्यानंतर वाचायला लागले. शिक्षकी पेशाची सवय, एक पान उलटलं की पुढचं उलटावंसं वाटतं. वाचताना दोन बायका भेटल्या, त्यांचंही देणं मी मानते.

पहिली फिनलंडमधल्या ओलंड बेटांवरची, ह्योर्डिस नावाची पाच वर्षांची पोर. १९२४ साली तिला हेलसिंकीत डॉ. एरिक व्हॉन विलेब्रँड यांच्याकडे आणलं. तीन वर्षांची असताना ओठाला जखम झाली होती, तेव्हा ती रक्त जाऊन जाऊन मरता मरता वाचली होती. तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्तस्रावानं गेल्या होत्या. त्या काळी रक्त न थांबण्याचा आजार म्हणजे हिमोफिलिया आणि हिमोफिलिया म्हणजे पुरुषांचा, अशी समजूत. डॉक्टरांनी त्या कुटुंबातल्या ६६ जणांची माहिती जमवली. त्यातल्या २३ जणांना त्रास होता, आणि त्यात बायका जास्त होत्या. १९२६ साली त्यांनी हा वेगळा आजार असल्याचं स्वीडिश भाषेत लिहून प्रसिद्ध केलं. ह्योर्डिस मात्र तेराव्या वर्षी गेली. चौथ्या पाळीत. हे वाचलं त्या दिवशी मला सातवीतलं मेणकापड आठवलं आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं. ज्या आजाराचं नाव माझ्या कागदावर आहे, तो जगाला त्या मुलीमुळे कळला.

दुसरी बाई जपानची, डॉ. उताको ओकामोतो. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात, त्यांच्यासाठी औषध शोधायचं या ध्यासानं त्या आणि त्यांचे पती शोसुके काम करत होते. पाळणाघर नव्हतं, त्यामुळे रडणाऱ्या लेकीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करत. त्यातूनच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड सापडलं आणि १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पण बाळंतिणींवर त्याची चाचणी घ्यायला स्थानिक डॉक्टरांना त्यांना राजी करता आलं नाही. वीस हजारांवर बाळंतिणींवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला तो २०१७ मध्ये, त्या औषधानं रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात असा. त्याच्या आदल्याच वर्षी उताकोबाई वारल्या होत्या. ती गोळी मी वर्षानुवर्षं घेतली.

वाचताना आणखी एक गोष्ट कळली. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जास्त पाळी जाणाऱ्या १५० बायका तपासल्या आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या पिशवीत दोष सापडत नव्हता. त्यातल्या १७ टक्के जणींना रक्त गोठण्याचा जन्मजात आजार निघाला. म्हणजे सहा जणींत साधारण एक. माझं ऑपरेशन ठरलं त्याच्या अकरा वर्षं आधीची ही गोष्ट.

आमच्या भागात उसाच्या हंगामात बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. त्यांची पोरं आमच्या शाळेत यायची, म्हणून मी त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जायची. तिशीतल्या बायका सहज सांगायच्या, "बाई, माझी पिशवी काढली की." २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचं आढळलं. त्यांना माझा आजार होता असं मी म्हणत नाही. त्यांची कारणं वेगळी आहेत, खाडा परवडत नाही हे एक, अंगावर काढलेली दुखणी हे दुसरं, भीती घालणारे हे तिसरं. मला एवढंच टोचतं, की मला जो प्रश्न विचारणारं माणूस भेटलं ते या बायकांना भेटलं नाही.

डॉक्टरीणबाईंना पेढे द्यायला गेले तेव्हा त्यांनी आईला घेऊन या म्हणून सांगितलं. वय वाढतं तशी या घटकाची पातळी वाढत जाते, त्यामुळे आईचा आकडा काठावर आला. आईला आकड्याचं काही नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "मग माझी आई गेली ती यानंच का?" डॉक्टरीणबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. साठ वर्षांपूर्वीचं आता खात्रीनं सांगता येणार नाही, पण दुसऱ्या आठवड्यात रक्त जाऊन बाळंतीण जाणं या आजाराशी जुळतं, एवढं म्हणाल्या. आई घरी आली आणि तिनं धाकट्या मावशीला फोन लावला. मावशीला जन्मभर 'पांढऱ्या पायाची' म्हणत आले होते, आली ती आईला खाऊन आली, असं. तिचं लग्न त्यापायी लांबलं, सासरीही ते ऐकून घ्यावं लागलं. आई फोनवर तिला सांगत होती, "आईला रक्ताचा आजार होता गं. तुझ्यामुळे नाही गेली ती." पलीकडून मावशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आई बराच वेळ नुसतं "हं, हं" करत होती. डॉक्टरीणबाईंचं हे ऋण फेडायचं कसं, मला अजून उमगलेलं नाही.

पुढे भावाच्या मुलीला बाराव्या वर्षी पाळी आली आणि पहिल्याच खेपेला थांबेना. वहिनीचा रात्री फोन आला. बापाकडूनही हा आजार मुलीकडे येतो, हे आम्हाला वंशवृक्षामुळे आधीच ठाऊक होतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी दवाखान्यातल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, आणि त्याच रात्री पोरीवर योग्य उपचार सुरू झाले. नंतर तिची तपासणी झाली, आजार निघाला. आता ती पुण्यात शिकते. आजाराचं नाव, रक्तगट आणि टाळायची औषधं लिहिलेलं कार्ड तिच्या पर्समध्ये असतं. दात काढायच्या आधी ते डॉक्टरांपुढे ठेवते.

वाचणाऱ्या बायांनो, एवढं माझं ऐका. पाळी सात दिवसांवर जात असेल, गाठी पडत असतील, रक्त सारखं कमी भरत असेल, किंवा घरातल्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच फार जात असेल, तर दवाखान्यात जाण्याआधी कागद घेऊन बसा. आईला, मावशीला, आत्याला विचारा. दात काढताना, बाळंतपणात, ऑपरेशनला काय झालं होतं, घोळणा फुटायचा का, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग उठायचे का, बापाला आणि भावांना काही त्रास होता का, सगळं लिहा. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि व्हॉन विलेब्रँडची तपासणी करायची का, असं स्वतःहून विचारा. आणि पिशवी काढायची तारीख ठरली असेल, तर ती तारीख येण्याच्या आत विचारा.